मामा बनवणं

फसवणुकीसाठी मराठीत शब्द किती आहेत बघा. टोपी घालणं, शेंडी लावणं, चुना लावणं, गंडवणं, बकरा करणं, मामा बनवणं. यातला एकही शब्द फसवणाऱ्याला बोल लावत नाही. हसं होतं ते फसलेल्याचं.

इंग्लंडमध्ये बारा वर्षं काढल्यावरही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. नाशिकच्या माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलं, तेव्हा आलं. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. मामी गेल्यापासून मुलाकडे राहतो. त्याला 'सीबीआय'चा व्हिडिओ कॉल आला: तुमच्या आधार कार्डावर सिम घेतलंय, मनी लाँडरिंगचा गुन्हा दाखल आहे, घरात कुणापाशी बोललात तर त्यांनाही अटक होईल. बरं वाटत नाही असं सांगून दोन दिवस तो खोलीचं दार लावून कॅमेऱ्यासमोर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली आणि पैसे पाठवून आला. घरात चार माणसं होती. त्यानं चार महिने कुणाला कळू दिलं नाही. कळलं तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला, "मामाला मामा बनवलं!" आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

तोतया सीबीआय आपल्याला नवे नाहीत. 19 मार्च 1987 रोजी मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या एका मोठ्या जवाहिऱ्याच्या दुकानावर अशीच खोटी धाड पडली होती. म्होरक्यानं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तरुण पोरं 'अधिकारी' म्हणून नेमली होती. त्या पोरांनाही धाड खरीच वाटत होती. तो दागिने घेऊन पसार झाला, पुन्हा सापडला नाही. त्या घटनेवरून बेतलेला 'स्पेशल 26' 2013 साली आला आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ठगांच्या मोठ्या चित्रपटांत कॅमेरा ठगाच्या खांद्यावर असतो. ज्याचे पैसे जातात तो एक तर लोभी असतो नाहीतर मूर्ख, त्यामुळे आपल्याला त्याचं काही वाटत नाही. कमी पैशांत, स्वतंत्रपणे काढलेल्या वेगळ्या वाटेच्या गुन्हेपटांनी मला पहिल्यांदा दुसरी बाजू दाखवली. त्यातले काही फसलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात थांबतात. फोन ठेवल्यावर तो काय करतो, चहा किती वेळ गार होत राहतो, हे बघत बसतात. असा चित्रपट बघताना मला एकदाही हसू आलेलं नाही.

इथल्या कायद्यानं हीच नजर काही प्रमाणात घेतली आहे. 7 ऑक्टोबर 2024 पासून ब्रिटनमध्ये नियम आहे की कुणी फसवून तुमच्याच हातून बँकेतून पैसे पाठवायला लावले, तर 85,000 पौंडांपर्यंतची रक्कम बँकांनी परत करायची. निम्मा भार पाठवणाऱ्या बँकेवर, निम्मा पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेवर. मला हा दुसरा निम्मा फार महत्त्वाचा वाटतो, कारण ठग पैसे वळवायला दुसऱ्याच्या नावावरचं जे भाड्याचं खातं वापरतात, ते कुठल्या तरी बँकेनंच उघडलेलं असतं. ग्राहकानं घोर निष्काळजीपणा केला असेल तर बँक नकार देऊ शकते. पण तो त्या वेळी दुःखानं, आजारानं, एकटेपणानं हतबल होता आणि त्यामुळेच फसला असं दिसलं, तर तो आक्षेपही चालत नाही.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं 2017 साली केलेला नियम ग्राहकाला वाचवणारा होता, पण तो त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरता. मामानं स्वतः सही केली होती. त्याला मिळाला तो 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर वेळेत फोन न केल्याचा ठपका.

नाशिकला फोनवर मी हे सांगितलं तेव्हा मामेभाऊ म्हणाला, "उद्या बँका भरायला लागल्या तर लोक डोळे मिटून पैसे पाठवतील." या मुद्द्याला मी हसणार नाही. इथल्या बँकांनीही तेच म्हटलं, आणि आधी 4,15,000 पौंडांची ठरत असलेली मर्यादा खाली आली. परदेशात पाठवलेल्या पैशांना हा नियम लागूच नाही. पण आयुष्यभराची ठेव परत मिळेल या भरवशावर दोन दिवस भेदरून खोलीत बसणारा माणूस मी पाहिलेला नाही. माझा मामा तसा नव्हता.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 40 टक्के गुन्हे फसवणुकीचे आहेत आणि फसवणारे क्वचितच सापडतात. माझ्या शेजारच्या विधुर आजोबांनाही 'बँकेतून' बोलणाऱ्या माणसानं असंच लुबाडलं. त्यांचे पैसे परत आले. पण हे सगळं चाललं त्या तीन आठवड्यांत त्यांना कुणाला विचारावं तर घरात कुणीच नव्हतं. मी भिंतीपलीकडे होते, मलाही पत्ता नव्हता. मामाकडे भरलं घर होतं, तरी विचारावं असं कुणी नव्हतं. आपलं हसं होईल हे त्याला आधीच ठाऊक होतं, आणि ठगांनी नेमकं तेच वापरलं.

ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून 'डिजिटल अरेस्ट'ची, म्हणजे मामासारख्या व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेची, स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास खऱ्या सीबीआयकडे सोपवला. बँकांना जाब विचारला जातोय याचा मला मनापासून आनंद आहे. पण ग्रुपवरच्या त्या हसऱ्या चेहऱ्यांवर कुठल्या न्यायालयाचा आदेश चालणार?

गेल्या रविवारी मी त्याला विचारलं, "मामा, तू मला का नाही सांगितलंस?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तो कॅमेऱ्यातला रात्री विचारायचा गं, बीपीची गोळी घेतलीत का म्हणून."