शिबिरात मुलांना सांभाळायची सोय हवीच

बायकांसाठीच्या निवासी शिबिरांवरचा तुमचा लेख वाचला. दोन-तीन दिवसांच्या अशा शिबिरातून बायका आत्मविश्वास घेऊन परततात, हे त्यातलं म्हणणं मनापासून पटलं. दहा वर्षं नोकरीपासून दूर राहिल्यावर मी स्वतः अशा शिबिराला गेले होते. तिथली भाषणं फारशी आठवत नाहीत. आठवते ती सरावाची मुलाखत. पहिल्यांदा तोंडातून शब्द फुटेना. तिसऱ्यांदा पगाराचा आकडा मी स्वतःहून सांगितला! मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली हेच मांडलं होतं, की 'मला जमेल' हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः करून जमल्यावर. नुसत्या कौतुकाने तेवढा होत नाही. म्हणून आयोजकांना कळकळीची विनंती, व्याख्यानं कमी करा, सराव वाढवा.

एक गोष्ट मात्र लेखात राहून गेली. मुलांना कुठे ठेवायचं? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार घरकाम आणि घरच्यांची काळजी या बिनपगारी कामात बायकांचे दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं जातात, पुरुषांचे १ तास २३ मिनिटं. जिच्यावर हा भार सगळ्यात जास्त, तिलाच घर सोडून येता येत नाही. (आमच्यातली एक जण पहिल्याच रात्री परत गेली, बाळ रडतंय म्हणून फोन आला होता. अजून वाईट वाटतं.) मुलांची सोय शिबिराच्या जागीच करा.

आणि नंतरही गटाने महिन्यातून एकदा तरी भेटावं. आमचा गट भेटतो. माझ्या आत्ताच्या नोकरीची बातमी मला तिथेच कळली.