‘डेव्हिल’ देवावरून आला म्हणे! आसुरी आनंदवाल्या फॉरवर्डची जरा चिरफाड

गेल्या दोन आठवड्यांत हा फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आला. आधी सोसायटीच्या, मग शाळेच्या बॅचच्या, आणि काल रात्री मावशीकडून, वर "जरूर वाचा, डोळे उघडतील" असं लिहून. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्रजांनी मुद्दाम आपल्या ‘देव’चा ‘डेव्हिल’ केला. सैतान म्हणजे आपले शनिमहाराज, बघा सॅटन, सॅटर्न, सॅटर्डे. असुर म्हणजे सुरा न पिणारे, थोडक्यात निर्व्यसनी सज्जन लोक. आणि आसुरी, राक्षसी, पैशाचिक, सैतानी हे सगळे एकाच अर्थाचे शब्द, तेव्हा ‘आसुरी आनंद’ वगैरे म्हणणं सोडा आणि सरळ ‘दुष्ट’ म्हणा. मावशीला मी मुकाट्याने अंगठा दिला, तिच्याशी कोण वाद घालणार, पण रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं म्हणून इथे लिहितोय.

आधी डेव्हिल घेऊ. मूळ शब्द ग्रीक, दियाबोलोस, शब्दशः आडवं फेकणारा, म्हणजे आपल्याकडे ज्याला आगलाव्या किंवा चहाडखोर म्हणतात तो. त्याचं लॅटिनमध्ये दियाबोलुस झालं आणि तिथून जुन्या इंग्रजीत देओफोल. इंग्रजांचं पहिलं जहाज सुरतेला लागलं 1608 साली आणि हा शब्द त्यांच्या भाषेत त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे, तेव्हा ज्या देवाचं नाव त्यांनी ऐकलंच नव्हतं त्याला बदनाम कुठून करणार? ‘देव’चे खरे नातेवाईक दुसरेच, लॅटिन ‘देउस’, गोव्यात पाद्री ज्याला देउश म्हणायचे तो पोर्तुगीज शब्द, आणि इंग्रजीतला ‘डिव्हाइन’. गंमत म्हणजे युरोपातल्या रोमा लोकांची भाषा आपल्याकडचीच, तिकडे गेलेली, आणि त्यांच्यात देवाला चक्क ‘देवेल’ म्हणतात.

आता फॉरवर्ड लिहिणाऱ्याला खरा मसाला हवा होता तर तो इराणात होता की! झरथुष्ट्राच्या, म्हणजे पारशांच्या, परंपरेत देव, म्हणजे अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथातले ‘दएव’, हे भुतंखेतं, दुष्ट शक्ती. आणि परमेश्वर कोण तर अहुर मज्द, ज्यातला अहुर म्हणजे आपला असुर, कारण आपल्या ‘स’चा तिकडे ‘ह’ होतो (सप्ताहाचा हप्ता झाला तसंच, दर महिन्याला बँक आठवण करून देते तोच तो हप्ता). म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांनी वेगळं होताना देव्हारा वाटून घेतला आणि एकाचे देव ते दुसऱ्याचे राक्षस झाले. हे घडलं ते इंग्रज नावाची जमातसुद्धा नव्हती तेव्हा.

आणि इतकं लांबही जायला नको. तळकोकणात नि गोव्यात ‘देवचार’ असतो ना. माझ्या मित्राच्या गावी सावंतवाडीकडे तो गावाचा राखणदार, रात्री शिवेवरून फिरतो, त्याला रोट आणि विडी ठेवतात, आणि रात्री काठीचा आवाज आला तर आजी म्हणायची घाबरू नको रे, तो आपलाच आहे. तिकडे गोव्यात कॅथलिक घरात जा, तोच देवचार म्हणजे सैतान, प्रार्थनेत ज्याच्यापासून सोडव म्हणतात तो! शब्दात ‘देव’ असून. दोन्ही घरं शेजारीशेजारीही असतील.

शनीचं लगेच उरकतो. हिब्रूत ‘सातान’ म्हणजे विरोधक, आरोप ठेवणारा. तो अरबीत शैतान झाला आणि फारसीमार्गे आपल्याकडे आला. शनी हा शनैश्चर, हळू चालणारा, सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून तर एकेका राशीत अडीच वर्षं आणि तीन राशी मिळून साडेसाती. सॅटर्न हा रोमन लोकांचा शेतीचा देव. वार आणि ग्रह दोघांचा एकच हे खरं, पण सॅटन त्यात कुठेच नाही, नुसता आवाज सारखा आहे. तसं तर ‘काका’ आणि ‘काकडी’ पण सारखेच की.

असुरांचा मुद्दा मात्र इंटरेस्टिंग आहे आणि तो फॉरवर्डवाल्याने स्वतःच्या डोक्यातून काढलेला नाही. वाल्मीकी रामायणात, बालकांडात, समुद्रमंथनातून वारुणी, म्हणजे सुरा, वर आली ती अदितीच्या मुलांनी घेतली म्हणून ते सुर, दितीच्या मुलांनी नाही घेतली म्हणून ते असुर, असं खरंच दिलंय. पण ती नंतर जुळवलेली व्युत्पत्ती. ऋग्वेदात ‘सुर’ हा शब्दच नाही, असुर मात्र भरपूर, आणि तो वरुणाला, सवित्याला, इंद्राला लावलेला. तिसऱ्या मंडलाच्या 55व्या सूक्तात तर दर ऋचेच्या शेवटी "महद्देवानामसुरत्वमेकम्" येतं, देवांचं ‘असुरत्व’ थोर म्हणून! असु म्हणजे प्राण, त्यावरून असुर म्हणजे जोरकस, सामर्थ्यवान. पुढे अर्थ फिरला, लोकांना सुरुवातीचा ‘अ’ नकाराचा वाटला आणि तो काढून ‘सुर’ तयार झाला. म्हणजे पोराच्या नावावरून बापाचं बारसं.

गीतेच्या सोळाव्या अध्यायापर्यंत अर्थ पुरता पालटलाय, तिथे आसुरी संपत्ती म्हणजे दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा, अज्ञान. पण तेव्हाही सगळीकडे एकच रंग नाही. मनुस्मृतीत आसुर विवाह म्हणजे मुलीसाठी पैसे मोजून केलेला, पळवून नेऊन केला तर राक्षस, आणि झोपलेल्या किंवा नशेतल्या मुलीवर जबरदस्ती केली तर पैशाच. तीन वेगळे शब्द, तीन वेगळे गुन्हे, आणि फॉरवर्ड म्हणतो सगळं सेम! आयुर्वेदात शस्त्रक्रियेला आसुरी चिकित्सा म्हणतात. झारखंडात नेतरहाटच्या पठारावर पूर्वी लोखंड गाळणारी असुर नावाची आदिवासी जमात आहे, त्यांच्या भाषेलाही आसुरी म्हणतात. आणि आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतो तो बळी कोण होता, सांगा बरं.

राहिला ‘सगळे एकच’चा मुद्दा, तर बोलून बघा. पेपरात ‘राक्षसी बहुमत’ येतं, ‘पैशाचिक बहुमत’ कधी वाचलंय? राक्षसीत आकार आणि बळ आहे, भूकसुद्धा राक्षसी असते. पैशाचिक म्हटलं की किळस, तो शब्द बातमीत आला की पुढचं वाचवत नाही. ओट्यावर चढून साखरेचा डबा उपडा करणाऱ्या भाच्याला ताई "सैतान कुठला" म्हणते आणि लगेच त्याची पापी घेते, त्याला पैशाचिक म्हणून दाखवा, घरातून हाकलतील. खवीस पण तसाच, मूळ अरबी खबीस म्हणजे नीच, घाणेरडा, कोकणात त्याचं भूत झालं आणि पुण्या-मुंबईत कुरकुऱ्या म्हातारा.

आणि आसुरी आनंद. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज माझ्या स्कूटरला गाडी आडवी लावायचे, विनवण्या करून थकलो. परवा त्यांनी ती गेटबाहेर लावली आणि टोइंगवाल्यांनी उचलली, तेव्हा मी बाल्कनीत चहाचा कप घेऊन उभा होतो, कप संपेपर्यंत हललो नाही. याला ‘दुष्ट आनंद’ म्हणू? दुष्टपणा मी काही केलाच नाही, नुसता बघत होतो. हाच शब्द कुणी कुणाला छळून मजा घेतली तरी वापरतात, तिथे तो काळाकुट्ट होतो, इथे निम्मा चेष्टेचा. ही रेंज ‘दुष्ट’मध्ये बसत नाही.

जाता जाता, पत्रिकेत देवगण, मनुष्यगण नि राक्षसगण असतात, आणि मघा नक्षत्र राक्षसगणात येतं. मावशीचं नक्षत्र मघा. हे फॅमिली ग्रुपवर टाइप करून ठेवलंय, अजून सेंड केलं नाहीये. दिवसभर अधूनमधून उघडून बघतोय.