पेट्रोलचा कॅन काठोकाठ भरू नका : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

ट्रक कॅम्परवाल्यांमध्ये (म्हणजे पिकअप ट्रकवर राहण्याची छोटी खोली बसवून फिरणाऱ्यांमध्ये) एक मेसेज फिरतोय : ‘जादा पेट्रोलचा कॅन गच्च भरा, म्हणजे आत वाफ साठत नाही, झाकण घट्ट असेल तर तो कॅम्परच्या आत हत्यारांच्या पेटीशेजारी ठेवला तरी चालतो.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर जिवावर बेतणारी.

पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण ०.१ टक्का. सकाळी गार असताना भरलेला २० लिटरचा कॅन उन्हात ३० अंशांनी तापला, तर आतलं पेट्रोल अर्ध्या लिटरहून जास्त वाढतं. जागाच नसेल तर ते झाकणातून किंवा सांध्यातून वाट काढणार. म्हणून कॅनवरच्या खुणेपर्यंतच भरायचं. खूण नसेल तर निदान ५ टक्के जागा रिकामी सोडायची.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गळती झाली तर ती कॅम्परच्या तळाशी साचते, आणि गॅसवर चालणारा फ्रीज किंवा हीटर बहुधा तिथेच, खाली असतो. एक ठिणगी पुरते. कॅन बाहेरच हवा, मजबूत ब्रॅकेटमध्ये, उभा आणि एक्झॉस्टपासून लांब. भरलेल्या कॅनचं वजन २० किलोच्या आसपास जातं, त्यामुळे पातळ पत्र्याला स्क्रू मारून भागत नाही. कॅन भरताना मात्र तो जमिनीवर उतरवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.