मैदानात जात नसते?

लेखात म्हटलंय की खेळात पूर्वी राजकारण नव्हतं, पैसा आल्यावर सगळं बिघडलं. हे अजिबात पटलं नाही. शंभर वर्षांपूर्वीचे क्रिकेटचे बॉलर बाळू पालवणकर यांचंच बघा ना, चांभार समाजातला हा माणूस, पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिन्याला चार रुपयांवर पीच सांभाळायचा, तिथेच नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकून टाकून तयार झाला. पुढे हिंदू टीमने (तेव्हा टीम धर्मावर पडायच्या) घेतलं कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा, जेवायला वेगळं बसायचं. बॉल मात्र त्याच्या हातून चालायचा! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या तरी हिंदू टीमचा कॅप्टन केलं नाही, कधीच नाही. भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये झाला कॅप्टन, तेही १९२० ला भावांनी निषेध म्हणून टीममधून अंग काढून घेतल्यावर, लोकांनी आवाज उठवल्यावर. आणि हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले नि हरले, मग राजकारण नव्हतं कसं म्हणता? मुंबईत शिकणाऱ्या पोरांना हे शाळेत कुणी सांगत नाही याचं फार वाईट वाटतं.