मागास भागाचा निधी कसा मिळवावा

पहिली पायरी सोपी आहे : मागास भागात जन्म घ्या. अनुशेष, म्हणजे विकासात आपला भाग किती मागे राहिला ती तूट, तुम्हाला मोजायला नको, त्याला समित्या आहेत. १९८४ साली दांडेकर समितीने मोजला, ३,१८६ कोटी. निर्देशांक व अनुशेष समितीने मोजला, १४,००६ कोटी. २०१३ मध्ये केळकर समितीने अहवाल दिला तो चांगला जाडजूड आहे, दार वाऱ्याने आपटत असेल तर उपयोगी पडेल.

वैधानिक विकास मंडळाकडे, म्हणजे हा असमतोल दूर करायला नेमलेल्या मंडळाकडे, गाऱ्हाणं न्यायचं असेल तर ३० एप्रिल २०२० च्या आत न्या. त्या दिवशी मंडळाची मुदत संपली.

मार्च महिन्यात आजारी पडू नका, निधी खर्चायची घाई तेव्हाच असते.

रोजगार हमीतून विहीर मंजूर झालीच, तर आधी चांगला मोबाईल घ्या. खोदण्याआधी फोटो, खोदताना फोटो, बांधून झाल्यावर फोटो. रेंज नसेल तर टेकडीवर जा, पण फोटो विहिरीवरच काढा. मजुरी मजुरांच्या खात्यावर जाते. सिमेंट, गज, खडी मात्र दुकानदाराकडून उधार आणायची, कारण कुशलचा, म्हणजे साहित्याचा, निधी ‘वरून’ यायचा असतो. मी आणली. परवा मंगळवारी पंचायत समितीत चौथी खेप झाली. एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, साहेबांकडे; साहेब मीटिंगला. तीन तासांनी फाईल उघडली. पहिल्या फोटोत म्हणे लाभार्थ्याचा चेहरा नीट दिसत नाही, पुन्हा काढून आणा. कुठला? खोदण्याआधीचा! अहो, चाळीस फूट विहीर आहे, तळाला पाणी आहे. बुजवू का? बुजवून, तोंड पुसून, उभा राहू का तिथं? त्यावर समोरचा माणूस म्हणतो, ‘‘बघा काका, काही जमतं का.’’ काय जमवायचं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

पाचवी युक्ती सांगणार होतो, राहू द्या.

सरळच बोलतो. ते पैसे कुणाच्या खिशातले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आमच्या बापजाद्यांनी देशाला रोजगार हमी शिकवली आणि आज सहीसाठी आम्ही बाकड्यावर बसतो. आणि आपणही काही कमी नाही. साहेब आले की खुर्ची पुसतो, चहा आपल्या पैशाने पाजतो, निवडणुकीआधी पॅकेज जाहीर झालं की फटाके फोडतो. त्या पॅकेजमधला रुपया गावात आला का, हे ग्रामसभेत किती जणांनी विचारलं? ग्रामसभेला गेलं तरी कोण होतं? कोरम नाही म्हणून तहकूब झाली, आणि सह्यांचं रजिस्टर मागाहून घरोघर फिरलं. सही मीही केली.

सिमेंटवाल्याचा काल पुन्हा फोन आला होता.