लंडनचा पहारेकरी हलतो! आपल्या पोरांना उन्हात पुतळे करू नका

परवा घरच्या ग्रुपवर तो मेसेज चौथ्यांदा आला. बकिंगहॅम पॅलेसबाहेरचा लाल डगलेवाला, केसाळ काळ्या टोपीचा शिपाई आणि खाली मजकूर: ‘हा जवान आठ तास पापणीसुद्धा हलवत नाही. चक्कर येऊन पडला तरी कोणी हात लावत नाही, उलट शिक्षा होते. कोट लाल, कारण रक्त दिसू नये. टोपी नेपोलियनच्या सैन्याकडून जिंकलेली, गोळीही आरपार जात नाही. बॅण्ड तीनशे वर्षं एकच धून वाजवतो. याला म्हणतात शिस्त! आपल्या मुलांना दाखवा.’

तीनदा मी गप्प बसले. आता बसणार नाही, कारण मुलांना दाखवून झालंय. माझा भाचा नववीत आहे, शाळेच्या बॅण्डपथकात साइड ड्रम वाजवतो. महाराष्ट्र दिनाच्या संचलनाचा सराव चालू होता, एप्रिलमधलं जळगावचं ऊन. सरांनी हाच मेसेज मोठ्यांदा वाचून दाखवला आणि सगळ्या पथकाला ‘सावधान’मध्ये उभं केलं. हलायचं नाही, पाणी मागायचं नाही. अर्ध्या तासाच्या आत पोरगा उभाच्या उभा पुढे कोसळला. गळ्यात ड्रम होता, त्याच्या लोखंडी कडेवर हनुवटी आपटली. तीन टाके पडले. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं, तर ‘मावशी, मी हललो का गं?’

म्हणून आधी हाच मुद्दा घेते.

तिथला पहारा दोन तासांचा असतो, मग चार तास सुट्टी. आठ तास सलग कोणी उभं राहत नाही. त्या दोन तासांतही शिपाई मधूनमधून बंदूक खांद्यावर घेतो, ठरलेली पावलं चालून जातो, वळतो, परत येतो. ही येरझार त्याच्या ड्यूटीचाच भाग आहे. कोणी फारच अंगाशी आलं तर तो पाय आपटतो, मागे व्हा म्हणून ओरडतोही. असे ढिगाने व्हिडिओ आहेत, हा मेसेज पाठवणाऱ्यांनी त्यातला एक तरी बघावा.

आणि चक्कर. १० जून २०२३ रोजी लंडनच्या हॉर्स गार्ड्स परेड मैदानावर राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम होती. प्रिन्स विल्यम पाहणी करत होता, पारा तिशीच्या आसपास. किमान तीन सैनिक कोसळले. त्यात एक ट्रॉम्बोनवाला होता. तो उठून पुन्हा वाजवायला लागला, पण त्याला जमेना. मग वैद्यकीय पथकाने त्याला सांभाळून बाहेर नेलं. बाकीच्यांसाठी स्ट्रेचर धावत आले. सगळं कॅमेऱ्यात आहे. त्याच दिवशी विल्यमने जाहीरपणे सैनिकांचे आभार मानले, उन्हात अवघड परिस्थितीत चांगलं काम केलंत म्हणून. मेसेजमधलं एवढंच अर्धं खरं की रांगेतला शेजारी जागा सोडत नाही. तो सोडत नाही, कारण उचलून न्यायला माणसं आधीच तयार ठेवलेली असतात. आमच्या मैदानावर कोण होतं? पाण्याची बाटलीसुद्धा वर्गात दप्तरात राहिली होती.

माणूस का पडतो, तेही समजून घ्या. ताठ आणि निश्चल उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. पोटऱ्यांचे स्नायू हलले की तेच रक्त वर ढकललं जातं. ते हललेच नाहीत, त्यात उन्हाने शिरा सैल पडल्या, की मेंदूला रक्त कमी पडतं आणि शुद्ध जाते. यात मनाचा कणखरपणा कुठे आला? कणखर माणूसही पडतो, शरीर आहे ते.

आता कोट. ‘रक्त दिसू नये म्हणून लाल’ हे आपल्याकडे शाळेतसुद्धा सांगतात. १६४५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नवी फौज उभारली. त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या ‘परफेक्ट पॅसेजेस’ या लंडनच्या बातमीपत्रात नोंद आहे की सगळी फौज लाल कोटात आहे, पलटणी ओळखायच्या त्या कोटाच्या अस्तर-पट्टीच्या वेगळ्या रंगावरून. लाल रंग स्वस्त पडायचा. आपल्या मंजिष्ठेच्याच जातीच्या मुळ्यांपासून तो काढत. आणि वाळलेलं रक्त लालवर काळपट दिसतंच की! शिवाय छातीवर पांढरे पट्टे आणि पुढे कितीतरी वर्षं खाली पांढरी विजार. रक्त लपवायचं असतं तर कोणी पांढरी विजार घातली असती का?

कोटात खरं बघण्यासारखं काही असेल तर बटणं. एकेक सुटं बटण असेल तर ग्रेनेडियर, जोडीजोडीने असतील तर कोल्डस्ट्रीम, तीन-तीन स्कॉट्स, चार-चार आयरिश, पाच-पाच वेल्श. पाच पलटणी, दुरून ओळखता येतात. भाच्याला हे सांगितलं, तर टाके दुखत असतानाही तो फोनवर फोटो मोठे करून मोजत बसला.

टोपीबद्दल थोडं मान्य करते. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर नेपोलियनच्या इम्पीरियल गार्डला, म्हणजे त्याच्या खास निवडक फौजेला, हरवल्याचा मान म्हणून ती ग्रेनेडियर गार्ड्सना मिळाली, बाकीच्यांना नंतर. पण गोळी अडवायला आत पोलाद नाही. वेताचा सांगाडा आहे आणि वर कॅनडातल्या काळ्या अस्वलाचं कातडं.

‘एकच धून’ हे तर कानांनी खोटं ठरतं. १३ सप्टेंबर २००१ ला पहारा बदलताना पॅलेससमोर याच बॅण्डवाल्यांनी अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, न्यूयॉर्कच्या हल्ल्यात गेलेल्यांसाठी. ३१ ऑगस्ट २०१८ ला अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनच्या अंत्यविधीच्या दिवशी वेल्श गार्ड्सच्या बॅण्डने तिचं ‘रिस्पेक्ट’ हे गाणं वाजवलं.

काका, मामा, ज्यांनी ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनी हेही त्याच ग्रुपवर पाठवा. मी सरांना भेटून आले. सराव आता सकाळी सात वाजता, सावलीच्या बाजूला, दर दहा मिनिटांनी ‘विश्राम’ आणि पाणी. भाच्याचे टाके गुरुवारी निघतील. त्याला सांगून ठेवलंय: सावधानमध्ये गुडघे आवळून धरू नकोस, आणि बुटाच्या आत पायाची बोटं सारखी हलवत राहा. बाहेरून कोणालाही दिसत नाही.