एरियलचं प्रकरण

डीटीपी करणाऱ्या माणसाला गुलाबी रंग आवडत नाही. कपड्यांना, भिंतीला वगैरे चालतो, पण इनडिझाइनमध्ये, म्हणजे पुस्तकाची पानं लावायच्या प्रोग्राममध्ये, फाईल उघडली आणि ओळीच्या ओळी गुलाबी पट्ट्यात दिसल्या की समजायचं, इथला फॉन्ट या मशीनवर नाहीये आणि आजची संध्याकाळ आता आपली राहिलेली नाही.

काम होतं एका संकलनाचं. 22 लेख, 22 लेखक, 22 फायली, आणि प्रत्येकाने वर्डमध्ये आपापल्या मर्जीने टाइप केलेलं. पेस्ट करताना फॉरमॅटिंग बाहेर ठेवायचा ऑप्शन असतो, मला तो माहितीये, मी तो इतरांना शिकवतोसुद्धा, आणि मी तो वापरला नव्हता. त्यामुळे मजकुरासोबत त्यांचे फॉन्टही सगळं बिऱ्हाड घेऊन आले. पुस्तकाला ठरलेले फॉन्ट दोन, यादीत दिसत होते सोळा!

त्यातला सगळ्यात चिवट एरियल. आता एरियलमध्ये देवनागरी अक्षरं नाहीतच, मग हा मराठी पुस्तकात करतोय काय? तर हा अक्षरांवर नसतोच. वर्ड देवनागरीला एक फॉन्ट लावतो आणि स्पेस, पूर्णविराम, कंस, इंग्रजी आकडे यांना दुसरा, म्हणजे आपण डोळे फाडून अक्षरं बघत बसतो आणि हे महाशय दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत आरामात पसरलेले असतात. दिसत नाही पण आहे, असं फक्त देवाबद्दल ऐकलं होतं.

हाताने करायचं तर टाइप मेनूत फॉन्ट शोधून बदलायची सोय आहे, पण नको असलेले 14 फॉन्ट गुणिले 22 फायली म्हणजे 308 वेळा तेच. एवढं करण्यापेक्षा दहा ओळींची जावास्क्रिप्ट लिहू, ती फोल्डरमधली एकेक फाईल उघडेल, बदलेल, सेव्ह करेल, आपण पाय पसरून बसू, असा विचार मी केला. (हा विचार करणाऱ्या माणसाचे पाय त्यानंतर तीन दिवस टेबलाखालीच असतात.)

पहिला दिवस टॅबने खाल्ला. स्क्रिप्टमध्ये फॉन्टचं नाव देताना फॅमिली आणि स्टाईल यांच्यामध्ये टॅब लागतो, साधी स्पेस नाही. 'एरियल' मग टॅब मग 'रेग्युलर'. स्पेस दिली की प्रोग्रामच्या दृष्टीने तो कोणीतरी वेगळाच इसम. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात म्हणून मी नावाचं स्पेलिंग, फॉन्टचं फोल्डर, शेवटी स्वतःचा चष्मा, सगळं तपासून घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट चालली आणि फार जोरात चालली. फाइंड-चेंजला एक खोड आहे, आधीच्या वेळी काय शोधलं आणि त्याच्या जागी काय घातलं ते तो लक्षात ठेवतो, म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन्ही बाजू पुसून घ्यायच्या असतात. मी शोधायची बाजू पुसली. बदलायची राहिली. आणि तिथे सकाळचा एक शब्द बसलेला होता, एका लेखकाने 'प्रकरण' जिथे तिथे चुकीचं लिहिलं होतं ते मी सुधारलं होतं. आता स्क्रिप्टला मिळालेला हुकूम असा झाला की जिथे जिथे एरियल सापडेल तिथे फॉन्ट बदल आणि 'प्रकरण' लिही. आणि एरियल कुठे होता? प्रत्येक स्पेसवर. प्रत्येक पूर्णविरामावर. 'सकाळीप्रकरणआम्हीप्रकरणनिघालोप्रकरण' अशी सलग पानंच्या पानं, त्यातला एक लेख चांगला सज्जन माणसाचा, त्याच्या आयुष्यात एवढी प्रकरणं कधी झाली नसतील.

कंट्रोल झेड मारायला गेलो तर एका झेडला एकच पाऊल मागे. सगळी स्क्रिप्ट एका अंडूत मागे घेता येईल अशी चालवायची सोय आहे, तिचा शोध मला अर्थातच त्याच रात्री लागला. बॅकअप होता म्हणून वाचलो. म्हणजे बॅकअप लेखकांकडे होता, मूळ वर्ड फायली पुन्हा मागवल्या, कारण सांगितलं नाही.

मग एक जुना लेख निघाला, युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधला. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण ही बातमी सगळ्या कीबोर्डांपर्यंत अजून पोचलेली नाही. त्या जुन्या फॉन्टांत आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठीचे मुखवटे, त्यामुळे फॉन्ट बदलला की मुखवटा गळतो आणि आईवरच्या हळव्या लेखात कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं थयथयाट करायला लागतात. तिथे फॉन्ट बदलून भागत नाही, आधी कन्व्हर्टरमधून काढायचं, मग जोडाक्षरं एकेक तपासायची. त्या लेखाला मी उरलेली रात्र दिली आणि अजूनही त्यातला एक रफार मला संशयास्पद वाटतो.

बाकीचं किरकोळ. बुलेटच्या ठिपक्याला स्वतःचा वेगळा फॉन्ट असतो, रिकाम्या पॅराग्राफलाही असतो, मास्टर पेजला, म्हणजे पानांच्या साच्याला (आता त्याला पेरेंट पेज म्हणतात), असतो, आणि तक्ता पीडीएफ म्हणून लावलेला असेल तर त्याच्या आतल्या फॉन्टला स्क्रिप्टचा हात पोचतच नाही. एकेक करून सगळे हाकलले.

तिसऱ्या दिवशी एकवीस फायली स्वच्छ. बाविसावीत मात्र यादीत एरियल, संख्या एक. स्क्रिप्टला विचारलं तर शून्य. पुन्हा यादी, एक. पुन्हा स्क्रिप्ट, शून्य. लॉक केलेले लेयर धुंडाळले, फूटनोटा उघडल्या, टेबलांचे सेल मोजले. शेवटी लक्षात आलं की लपवलेले लेयर शोधात घ्यायचे तर ते वेगळं सांगावं लागतं. लेयर पॅनेलमध्ये डोळ्याच्या चौकटीवर क्लिक केलं आणि पानाच्या बाहेर, पेस्टबोर्डवर एक छोटी चौकट उगवली. माझीच, पहिल्या दिवशी मी स्वतःसाठी करून ठेवलेली नोंद, इंग्रजीत, ठळक अक्षरात, 'रिमूव्ह एरियल'.

एरियलमध्ये.